केशवरावांची पहिली खाडाखोड

रूपरावांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला त्या वर्षी केशवरावांनी वर्ध्यातले डोळ्यांचे तीन डॉक्टर पालथे घातले. तिघांनीही त्यांचे डोळे उत्तम असल्याचं सांगितलं. दुसरा कोणी असता तर घरी येऊन देवापुढे साखर ठेवली असती. केशवराव दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

ते राहतात वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेला, आमच्या गल्लीच्या टोकाला. त्यांना सगळ्या जगाचा हेवा वाटतो असा समज करून घेऊ नका. शेजाऱ्यानं नवी गाडी आणली की चाकाखाली ठेवायला लिंबू हेच घेऊन जातात. त्यांचा हेवा एकनिष्ठ आहे. चौतीस वर्षं तो एकाच माणसाला वाहिलेला आहे, आणि तो माणूस म्हणजे त्यांचे साडू रूपराव.

केशवरावांच्या पत्नी यशोदाबाई, आणि यशोदाबाईंची थोरली बहीण कांताबाई. कांताबाई रूपरावांकडे दिल्या. त्यामुळे वयानं अकरा महिने लहान असलेले रूपराव थोरले जावई झाले आणि केशवराव जन्मभराचे धाकटे. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या महिन्यात सासूबाई अनुसयाबाईंनी दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं. रूपरावांचे अनारसे चांदीच्या वाटीत आले, केशवरावांचे स्टीलच्या. घरात चांदीची वाटी एकच होती, असं अनुसयाबाई आजही सांगतात. केशवराव आजही ते ऐकून घेतात आणि मान्य करत नाहीत.

रूपरावांचं गिरडला दुकान आहे, टेकडीवरच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवर. चादरी, अगरबत्ती, नारळ, रेवड्या. शिक्षण दहावी नापास. पण माणूस असा की वर जाणारा भाविक चादर घ्यायला थांबतो आणि येताना त्याच्याशी गप्पा मारायला पुन्हा थांबतो. केशवराव बी. कॉम. त्यांच्याशी गप्पा मारायला कोणी दुसऱ्यांदा थांबत नाही, कारण पहिल्याच वेळी ते शाळेतल्या नोकरीचा किस्सा सांगतात.

तो किस्सा असा. केशवराव वर्ध्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं कारकून होते. निकालपत्रकं तेच भरत. हजारो पोरांचे लाखो गुण त्यांच्या हातून कागदावर उतरले, आणि एकतीस वर्षांत एकही खाडाखोड नाही. एकही आकडा गिरवलेला नाही, एकही रेघ मारलेली नाही, दुरुस्तीची म्हणून एकही सही नाही. हा किस्सा त्यांनी लग्नात सांगितला आहे, बारशाला सांगितला आहे, आणि एकदा तेरवीच्या पंगतीत बुंदी वाढणाऱ्याला थांबवून सांगितला आहे. रूपरावांना तो हातवाऱ्यांसकट पाठ होता.

गेल्या पावसाळ्यात रूपरावांना टीबी झाला. इथेही तेच पहिले. मग घरच्यांची आणि जवळच्या लोकांची तपासणी निघाली. आठ दिवस गिरडला मुक्काम ठोकून आलेले केशवराव महिनाभर खोकत होतेच, त्यांच्याही बेडक्यात जंतू सापडले. यशोदाबाई रडल्या. केशवरावांनी मात्र, मोतीबिंदूच्या वेळचा अनुभव लक्षात घेता, बातमी बरीच शांतपणे घेतली. निदान या वेळी ते मागे राहिले नव्हते.

दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या. वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात तेव्हा टीबीच्या पेशंटांवर एक अभ्यास चालला होता. त्यात दोघांचीही नावं घातली. महिन्यातून एकदा रक्त द्यायचं. रक्त घेणारी मुलगी होती चारुता, केशवरावांच्याच शाळेत शिकलेली. ती रिपोर्टच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक आकडा लिहायची. केशवरावांच्या रिपोर्टवर पहिल्या खेपेला लिहिलं होतं, शून्य पूर्णांक एकसष्ट. रूपरावांच्या रिपोर्टवर, शून्य पूर्णांक पंचेचाळीस.

हा कशाचा आकडा म्हणून केशवरावांनी विचारलं. चारुतामागे चाळीस माणसांची रांग होती. ती एवढंच म्हणाली, की रक्तातल्या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं हे प्रमाण आहे, अभ्यासासाठी काढतो. तेवढं ऐकून केशवराव बाहेर आले. उरलेलं विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं. ज्यानं एकतीस वर्षं आकडेच वाचले, त्याला आकडा समजावून घ्यायची काय गरज? शून्य आणि टिंब त्यांनी मनातल्या मनात झटकून टाकलं. राहिलं काय? एकसष्ट आणि पंचेचाळीस. एकसष्ट म्हणजे फर्स्ट क्लास. पंचेचाळीस म्हणजे कसाबसा सेकंड.

त्या दिवशी ते दवाखान्यातून घरापर्यंत चालत आले. ऑटोत बसण्याइतकं त्यांचं बूड स्थिर राहिलं नव्हतं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ते पुढे होते, आणि तेही थेट रक्तात. घरी आल्याबरोबर त्यांनी फुलस्केप कागद घेतला, पट्टीनं रकाने आखले आणि एक तक्ता केला. नाव, महिना, आकडा, शेरा. स्वतःच्या नावापुढे शेऱ्यात लिहिलं, 'प्रथम'. तक्त्याच्या त्यांनी दोन प्रती काढल्या, एक घरी भिंतीवर लावली आणि दुसरी गिरडला पाठवली, रूपरावांना प्रोत्साहन मिळावं म्हणून.

रूपराव हसून घालवतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्यांनी तक्ता दुकानात नारळांच्या पोत्यावरच्या भिंतीला चिकटवला आणि येता-जाता त्याच्याकडे बघू लागले. ज्याला लोक जन्मभर पुढे बघत आले, त्याला मागे राहण्याची सवय नसते. केशवरावांचं मागे राहण्यावर निदान प्रभुत्व होतं.

दुसऱ्या महिन्यात केशवरावांचा आकडा आला बावन्न, रूपरावांचा अडतीस. केशवराव जरा खट्टू झाले, पण 'प्रथम' कायम होता. रूपराव मात्र त्या दिवशी परतीच्या एसटीत विचार करत बसले. दुकानदाराचा विचार सरळ असतो. माल ठेवल्यावर विक्री पडली तर माल काढायचा. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा पंचेचाळीस होते, महिनाभर घेतल्यावर अडतीस झाले. म्हणजे गोळ्या आकडा खातात. शिवाय खोकला थांबला होता, ताप गेला होता, भूक लागत होती. आजारी माणसाला बरं वाटू लागलं की त्याच्यासारखा धोकादायक प्राणी नाही. दुसऱ्या दिवसापासून कांताबाईंनी सकाळी हातावर ठेवलेल्या गोळ्या रूपराव तोंडाशी नेत आणि दुकानात येऊन नारळांच्या पोत्यात टाकत.

तिसऱ्या खेपेला रक्त दिलं त्या दिवशी दुपारी दोघं साडू केशवरावांकडे जेवायला बसले होते आणि दोन्ही रिपोर्ट ताटांच्या मध्ये पडले होते. केशवराव, चौतीस. रूपराव, छासष्ट.

चौतीस. पस्तीसला पास असतं. केशवराव एका गुणानं नापास झाले होते.

घास त्यांच्या हातात तसाच राहिला. रूपराव वरणात पोळी मोडत होते आणि मधूनमधून रुमालात खोकत होते, पण तो खोकला त्या क्षणी केशवरावांना ऐकू आला नाही. त्यांना ऐकू येत होती चांदीच्या वाटीवर चमचा वाजल्याची किणकिण. हात धुताना न राहवून त्यांनी विचारलं, केलं तरी काय. रूपरावांनी आधी दाराकडे पाहिलं, यशोदाबाई आत असल्याची खात्री केली आणि हळूच सांगितलं.

"गोळ्या बंद केल्या. गोळ्यानं आकडा पडते, केशवराव. तुमाले सांगून राह्यलो, कांताले सांगजो नका."

रूपराव गेले. केशवरावांनी तक्ता उतरवला, प्रामाणिकपणे छासष्ट लिहिलं आणि शेऱ्यात 'प्रथम, रूपराव' असं सुवाच्य अक्षरात नोंदवलं. गिरडच्या भिंतीवरच्या प्रतीत रूपरावांनी तेच स्वतः लिहून घ्यावं म्हणून फोनही केला. हेवा आपल्या जागी, रेकॉर्ड आपल्या जागी. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनीही गोळ्या बंद केल्या.

तीन दिवस. चौथ्या दिवशी यशोदाबाई शिक्क्याची शाई शोधत होत्या. शाळेतून निवृत्त होताना आणलेला स्टॅम्प पॅडचा डबा त्यांनी उघडला तर आत शाईत माखलेल्या बारा गोळ्या. त्यांनी डबा पिशवीत टाकला, ऑटो थांबवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बसा."

दवाखान्यात चारुतानं डबा पाहिला. मग तिनं रांगेतल्या लोकांना थांबायला सांगितलं आणि दोघांना आत बसवलं. केशवरावांनी गोळ्या का बंद केल्या हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही, हे मी तिच्या खात्यावर मोठं पुण्य समजतो.

"काका, हे मार्क नाहीत," ती म्हणाली. "या रोगाशी नेमकं लढणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांना लिंफोसाइट म्हणतात. रोग बळावला की रक्तात त्या कमी दिसायला लागतात, आणि मोनोसाइट नावाच्या दुसऱ्या वाढतात. दुसरीला पहिलीनं भागलं की हा आकडा. तो जितका जास्त, तितकी आम्हाला काळजी. औषध लागू पडलं की तो उतरतो."

डॉक्टर एवढ्याच आकड्यावर निकाल देत नाहीत, बेडका आणि एक्स-रे बघूनच ठरवतात, आकड्यावरून रोगाचा जोर आधी कळतो का तेच आम्ही तपासतोय, असंही तिनं सांगितलं. तुमचा चौतीस फार चांगला आहे, आता एक दिवसही चुकवू नका. मग तिनं वही उघडली आणि विचारलं, गिरडचे रूपराव तुमचे कोण? डॉक्टरांना त्यांची चिंता आहे, पण दवाखान्याचा फोन ते उचलत नाहीत.

रूपराव तो फोन उचलत नसत कारण दुकानात माणसं असायची. केशवरावांनी मात्र त्या वाक्यातलं निम्मंच ऐकलं. त्यांच्या कानात 'फार चांगला' घुमत होतं. म्हणजे ते नापास झाले नव्हते. म्हणजे छासष्टवाला मागे होता. म्हणजे ते पुन्हा पुढे होते, आणि या वेळी पक्के. यशोदाबाईंना ऑटोत बसवून ते गिरडला जाऊन हे रूपरावांना ऐकवायला स्टँडकडे निघाले. एका टपरीवर उभं राहून त्यांनी तर्री पोहा मागवला, वर जास्तीची तर्री. पहिला चमचा तोंडात गेला, दुसरा गेला. तिसरा वाटेतच थांबला.

छासष्टवाला मागे होता. किती मागे? रूपराव वरण-पोळी खाताना खोकत होते, ते आता ऐकू आलं. सदऱ्याच्या बाहीतून बाहेर आलेलं मनगट आठवलं. आणि त्यांना हे शिकवलं कोणी? तक्ता कोणी पाठवला? दहावी नापास माणसानं बी. कॉम. माणसाच्या वाचनावर भरवसा ठेवला होता.

वर्ध्याच्या स्टँडवर हिंगणघाटची गाडी लागली होती. केशवरावांनी ती जाऊ दिली. मला हे त्यांनीच सांगितलं, म्हणून लिहितो. बाकावर बसून ते स्वतःशी हिशेब घालत होते. दवाखाना कोणाला तरी पाठवेलच. उद्या परवा कळवलं तर काय बिघडतं? स्वतः जायचं म्हणजे त्या दुकानात, त्या माणसासमोर, आपण आकडा उलटा वाचला हे कबूल करायचं. चौतीस वर्षांत हाती एकच हत्यार होतं, बिनचूकपणाचं, तेही त्याच्याच हातात द्यायचं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे ते दुकान बंद दिसलं, आणि विचार आला की रूपरावच नसले तर आपण सकाळी उठून हेवा करायचा कोणाचा. दुसऱ्या गाडीत ते खिडकीशी बसले.

हिंगणघाटला गाडी बदलून ते पोचले तेव्हा ऊन कलतं होतं. कांताबाई रेवड्या मोजून पुड्या बांधत होत्या. रूपराव गादीवर बसले होते, पण दोन्ही हात मागे टेकून. केशवरावांनी टोपीसुद्धा काढली नाही.

"मी चुकलो," ते म्हणाले. "आकडा जास्त म्हणजे बिमारी जास्त. तुमचा छासष्ट वाईट हाय, रूपरावजी. गोळ्या सुरू करा."

रूपरावांनी त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि हसले. हसण्याचा खोकला झाला, तो थांबायला वेळ लागला.

"अन् तुमचा चौतीस?"

"तो चांगला."

"वा. नापास झाले तं कायदाच बदलवला तुमी."

इथे खरी पंचाईत झाली. केशवराव पेशी सांगू लागले, लिंफोसाइट सांगू लागले, चारुताचं नाव सांगितलं. रूपराव मान हलवत राहिले. चौतीस वर्षं ज्यानं आपला हेवा केला तो माणूस, आपण पहिले आल्यावर चौथ्याच दिवशी दोन एसट्या बदलून सांगायला येतो की पहिलं येणं वाईट असतं. यावर कोण विश्वास ठेवणार? केशवराव उभ्या आयुष्यात पहिल्यांदा नुसतं खरं बोलत होते, आणि त्यांचा हेवा त्यांच्या पुढे उभा राहून साक्ष फिरवत होता.

कांताबाईंच्या हातातली पुडी खाली आली.

"रोज सकाळी म्या हातावर देल्लेल्या गोळ्या कुठी गेल्या मंग?"

रूपरावांनी नारळांच्या पोत्याकडे पाहिलं, आणि पाहिलं हीच चूक झाली. कांताबाईंनी पोतं उलटं केलं. नारळांमागून शेंड्यांच्या कचऱ्यात लालसर गोळ्या घरंगळल्या. त्या खाली बसल्या आणि एकेक वेचू लागल्या. तरी रूपराव आपला हेका सोडेनात. कांताबाईंना म्हणाले, याच्या पोटात दुखून राह्यलं, तुले नाई समजत, मी याले चौतीस वर्षांपासून ओळखतो.

भिंतीवरचा तक्ता केशवरावांनी चारही कोपरे सांभाळून काढला. गल्ल्यावर ठेवला, खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं आणि थांबले. मग 'प्रथम' या शब्दावर त्यांनी आडवी रेघ मारली. रेघ सरळ आली नाही. तिन्ही महिन्यांच्या शेऱ्यांवर तशाच रेघा मारल्या. खाली लिहिलं, 'वरील शेरे चुकीचे. कमी आकडा तो चांगला. चूक माझी.' त्याखाली पूर्ण नाव, सही, तारीख.

रूपरावांनी कागद हातात घेतला. दुकानासमोरून दोन गिऱ्हाइकं चादरीचे भाव विचारून गेली, त्यांना कोणी उत्तर दिलं नाही.

"खाडाखोड केली तुमी," रूपराव म्हणाले.

"केली."

"सही बी केली."

"हो."

रूपरावांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. शाई ओली होती, ती अंगठ्याला लागली. मग कागदावरून डोळे न उचलता ते बायकोला म्हणाले, "कांता, सकाळची वर्ध्याची गाडी किती वाजता हाय?"

डॉक्टर रूपरावांना काय बोलले ते मी लिहीत नाही, रूपराव वयानं साठीचे आहेत. पुन्हा बेडका तपासला. नशिबानं तीच औषधं अजून लागू पडत होती, पण कोर्स पहिल्यापासून. कांताबाईंची तपासणी झाली, त्यांना काही निघालं नाही. पहिले दोन महिने रूपरावांनी वर्ध्यातच राहावं असं ठरलं, आणि वर्ध्यात म्हणजे केशवरावांच्या नजरेसमोर. रोज सकाळी दोघं समोरासमोर बसून गोळ्या घेत आणि गिळल्याची खात्री म्हणून एकमेकांना जीभ दाखवत. कांताबाईंनी नवऱ्याच्या पिशवीत ती चांदीची वाटी, पुढे आईनं त्यांनाच दिलेली, घालून दिली होती. रूपरावांच्या गोळ्या चांदीच्या वाटीत येत, केशवरावांच्या स्टीलच्या. यशोदाबाई भाऊजींना दोन उकडलेली अंडी देत, नवऱ्याला एक, कारण नवऱ्याचा आकडा उतरला होता. केशवरावांनी दोन्ही गोष्टी पाहिल्या, गिळल्या आणि जीभ दाखवली.

केशवरावांचा कोर्स आधी संपला. रूपरावांना दोन महिने जास्त मिळाले, असं ते मला फाटकाशी उभे राहून सांगत होते, आणि त्यात तक्रारीचा सूर होता.

या उन्हाळ्यात रूपरावांची शेवटची तपासणी झाली. बेडका साफ, एक्स-रे साफ, वजन सात किलो वर. केशवरावांनी हट्ट धरला की माझंही रक्त त्याच दिवशी घ्या, स्पर्धा एका पेपरवर झाली पाहिजे. चारुतानं घेतलं. रूपराव, बावीस. केशवराव, चोवीस.

पुन्हा मोजता येईल का, असं केशवरावांनी विचारलं. चारुता म्हणाली, काका, दोन्ही चांगले आहेत, एवढ्याशा फरकाला काही अर्थ नसतो. केशवराव म्हणाले, तुझ्यासाठी नसेल.

बाहेर बाकावर रूपराव बसले होते. दवाखान्यातल्या पोरींना रेवड्या वाटून झाल्या होत्या आणि अनोळखी दोन माणसं त्यांच्याशी गप्पा मारायला थांबली होती. केशवराव शेजारी बसले. त्यांनी पिशवीतून नवा तक्ता काढला, गुडघ्यावर वही ठेवली, बावीस लिहिलं, चोवीस लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात एकही खाडाखोड न करता लिहिलं, 'प्रथम, रूपराव'.

तक्ता मी पाहिला आहे. अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं आहे. फक्त पेन इतकं दाबलं आहे की 'रूपराव' हे नाव कागदाखालच्या वहीच्या पुढच्या चार पानांवर उमटलं आहे.